साप चावला तर झाडपाला की एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन)?

एका ताईंनी विचारलंय की शेतात साप चावला तर आधी जाणत्याकडची मुळी द्यायची का थेट दवाखाना गाठायचा.

गुणाचं बघू. मुळीनं माणूस वाचला असं लोक सांगतात तेव्हा चावलेली बरेचदा बिनविषारी धामण नाहीतर दिवड असते, किंवा विषारी सापानंही विष सोडलेलंच नसतं. सर्पगंधेची मुळी तर उलट बीपी खाली आणते. एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते, रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून डॉक्टरांसमोरच घ्यायची.

वेळ, हा खरा मुद्दा. विष चढलंय का हे ठरवायला कडुनिंब चावायला देऊन कडू लागतोय का बघत बसतात, आणि मण्यार चावलेल्याला धड दुखत नाही की सूज येत नाही, पापण्या जड होऊन मिटायला लागतात तोवर काही तास गेलेले असतात, मग श्वास अडकतो.

खर्च म्हणाल तर सरकारी रुग्णालयात एएसव्ही फुकट मिळते.

मुंगी चावून खाज सुटली तर लेप लावा खुशाल. साप असेल तर पाय हलवू न देता 108 ला फोन, करकचून बांधू नका, चिरू नका.