‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ : चाहती नसलेल्या प्रेक्षकाने सहकुटुंब पाहिलेला चित्रपट

पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा पहिला भाग २००१ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला आणि आमच्या परभणीच्या घरात तो या दिवाळीच्या सुट्टीत पोचला. जादूगार, राक्षस आणि मंतरलेल्या वस्तू यांच्या गोष्टींची मला लहानपणापासून फारशी ओढ नाही; कीर्तनातले आख्यान, ऐतिहासिक कादंबरी आणि साध्या माणसांच्या कथा यांतच माझे मन रमते. त्यामुळे हा अभिप्राय त्या चित्रपटाच्या चाहत्यांसाठी नाही. ज्यांच्या घरात असा एखादा चाहता आहे आणि त्याच्या आग्रहाखातर ज्यांना सगळ्या कुटुंबासह १७८ मिनिटे बसायचे आहे, त्यांच्यासाठी तो लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : जरूर बसा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आग्रहाने शेजारी बसवून घ्या.

आमच्याकडचा चाहता म्हणजे माझा पुतण्या. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकतो आणि या कथेतल्या राजघराण्यांच्या वंशावळी त्याला तोंडपाठ आहेत. चित्रपट सुरू होण्याआधी त्याने प्रस्तावना केली आणि तो सुरू झाल्यावर चित्रपटानेही आपली प्रस्तावना केली. पहिल्या काही मिनिटांतच तीन अंगठ्या एल्फ नावाच्या अमर जमातीला, सात बुटक्यांना आणि नऊ माणसांच्या राजांना वाटल्या जातात; मग कळते की सॉरोन नावाच्या दुष्टाने या सगळ्यांवर हुकमत गाजवणारी एक अंगठी गुपचूप स्वतःसाठी घडवली आहे; पुढे युद्ध होते, अंगठी हातातून जाते, नदीत पडते, हरवते, पुन्हा सापडते. माझा गोंधळ उडत असतानाच सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या अंगठ्या वाटल्या अन् सगळ्यात भारी स्वतःपाशी ठेवली, म्हणजे वाटणाराच लबाड.” पुतण्याच्या प्रस्तावनेपेक्षा मला या एका वाक्याने कथा अधिक समजली.

त्यानंतरचा पाऊण तास हा माझ्या मते चित्रपटाचा सर्वांत आनंदाचा भाग आहे. हॉबिट नावाच्या ठेंगण्या लोकांचे हिरवेगार गाव, टेकडीच्या पोटात खोदलेली गोल दारांची घरे आणि बिल्बो या वृद्ध हॉबिटच्या १११ व्या वाढदिवसाची गावजेवणावळ पाहताना हे सगळे कुणीतरी कल्पनेने रचले आहे, याचा विसर पडतो. गँडाल्फ हा उंच जादूगार बिल्बोच्या घरात शिरतो, टांगलेल्या दिव्याला धडकतो आणि वळता वळता तुळईवर कपाळ आपटून घेतो. मुले खळखळून हसली. पुतण्याने या ठिकाणी चित्र थांबवून सांगितले ते मात्र खरोखर ऐकण्यासारखे होते. छकड्यात गँडाल्फ आणि फ्रोडो (ज्याच्याकडे बिल्बोकडून ती अंगठी येते तो तरुण हॉबिट) शेजारी शेजारी बसलेले दिसतात, पण प्रत्यक्षात फ्रोडोचे काम करणाऱ्या एलायजा वुडला बराच मागे बसवलेले असते आणि कॅमेरा अशा जागी ठेवलेला असतो की अंतर नाहीसे होऊन माणूसच लहान वाटावा. संगणकाची कुठलीही करामत न करता केवळ बसण्याच्या जागेवर साधलेला हा परिणाम मला फार आवडला, आणि मी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

माझे दीर शेती पाहतात. मेरी आणि पिपिन हे दोन हॉबिट एका शेतातून गाजरे आणि कोबी चोरून पळतात, आणि त्यांच्यामागे धावणारा शेतकरी आपल्याला दिसतच नाही. मक्याच्या उंच ताटांवरून फक्त त्याच्या कोयत्याचे लांब पाते हलताना दिसते. आम्ही सगळे हसत असताना दीर शेवटपर्यंत त्या न दिसलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने राहिले, आणि पुढे त्या दोघांवर जे संकट आले त्याचे मूळ त्यांनी त्या कोबीत शोधले. हेच पिपिन महाशय प्रवासात दुसऱ्या न्याहारीची विचारणा करतात आणि वाटाड्या ॲरागॉर्न न थांबता पुढे निघून जातो, तेव्हा सासूबाईंना राहवले नाही. “लेकरांना उपाशी चालवायलाय, असा कसला पुढारी?” त्यानंतर ॲरागॉर्नने झाडीपलीकडून सफरचंद फेकले, तेव्हा त्यांनी त्याला अर्धी माफी दिली.

भीतीचे प्रसंगही तितक्याच कौशल्याने घेतले आहेत. सॉरोनचे काळे घोडेस्वार हॉबिटांचा माग काढत येतात आणि चौघे एका झाडाच्या मुळाखाली दबून बसतात. वर स्वार हुंगत उभा असतो आणि खाली मातीतून किडे, गोम, कोळी बाहेर पडू लागतात. आमच्या धाकट्याने पाय सोफ्यावर ओढून घेतले आणि ते चित्रपट संपेपर्यंत खाली सोडले नाहीत. एल्फ लोकांच्या रिव्हेन्डेल गावच्या मुक्कामी अंगठी दिसताच बिल्बोचा चेहरा क्षणभर भेसूर होतो, तो झटका तर मोठ्यांनाही बसतो. अगदी लहान मुले असतील तर या दोन ठिकाणी आधी सावध करावे.

अंगठी नष्ट करण्यासाठी थेट सॉरोनच्या मॉर्डॉर देशातल्या ज्वालामुखीपर्यंत कशाला जायचे, हा प्रश्न आमच्याकडे फार लवकर निघाला होता. सोनाराकडे देऊन वितळवून घ्यावी, असे सासूबाईंचे स्वच्छ मत होते. रिव्हेन्डेलच्या परिषदेच्या प्रसंगात गिम्ली हा बुटका अंगठीवर कुऱ्हाड घालतो आणि कुऱ्हाडीचेच तुकडे होतात, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले. प्रेक्षकाच्या मनात उठणारी शंका पटकथेने आधीच ओळखून ठेवलेली असावी, याचे मला कौतुक वाटले. नऊ जणांची टोळी ठरते तिथे आम्ही मध्यंतर घेतले, जाऊबाईंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला, आणि मध्यंतरासाठी याहून चांगली जागा चित्रपटात नाही.

पुढे मोरियाच्या भूमिगत नगरीत मराठवाड्याच्या प्रेक्षकाला आपले काहीतरी सापडते. डोंगर पोखरून कोरलेले ते अजस्र खांबांचे दालन गँडाल्फच्या काठीच्या प्रकाशात उजळले, तेव्हा घरात एकाच वेळी दोघा-तिघांच्या तोंडून वेरूळ निघाले. वेरूळचे कैलास लेणे एकाच कातळात वरून खाली कोरत आणले आहे, आणि ते खाली उभे राहून पाहिलेल्या माणसाला मोरियाची भव्यता खोटी वाटत नाही. देवगिरी किल्ल्याच्या अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून सहलीला जाऊन आलेल्या मुलीला तर तिथला काळोख, पायऱ्या आणि पुढच्याचा हात धरून चालणे हे सगळे ओळखीचे वाटले. त्या नगरीच्या पुलावर जे घडते ते इथे सांगत नाही. एवढेच सांगते की त्या वेळी कुणी सुशीलाच्या ताटलीकडेही पाहिले नाही.

दोषही स्पष्टपणे सांगायला हवेत. सॉरोन आणि सारुमान ही दोन खलपुरुषांची नावे इतकी सारखी आहेत की नव्या प्रेक्षकाची तारांबळ उडते, आणि आमच्याकडे शेवटी “डोळेवाला” आणि “दाढीवाला” अशी विभागणी करावी लागली. पात्रे कुजबुजतात तेव्हा आवाज वाढवावा लागतो, आणि लगेच लढाई सुरू झाली की शेजाऱ्यांसाठी कमी करावा लागतो. गॅलॅड्रिएल या एल्फ राणीच्या अरण्यातला भाग देखणा असला तरी रेंगाळतो. स्त्रियांना कथेत जागा फार थोडी आहे; जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदी ओलांडणारी आणि पाठलाग करणाऱ्यांवर पूर सोडणारी आर्वेन नंतर जवळजवळ दिसतच नाही, याची जाऊबाईंनी रास्त तक्रार केली.

मुलीने विचारले, की वाईट माणसे नेहमी घाणेरडीच का दाखवतात. ऑर्क या राक्षसी सैनिकांच्या बाबतीत तिचे म्हणणे खरे आहे. रंगभूषेला ऑस्कर मिळाले असले तरी दात आणि डाग यांवरून वाईटपणा ओळखायला लावणे मला पटत नाही. मात्र बोरोमिर या पात्राने चित्रपट त्या दोषाची बरीच भरपाई करतो. तो रुबाबदार आहे, शूर आहे, लहानग्या हॉबिटांना तलवार शिकवणारा आहे, आणि तरीही आपले राज्य वाचवण्याच्या तळमळीतून त्याचीच नजर अंगठीवर फिरते. शॉन बीन यांनी ही घालमेल फार मनापासून उभी केली आहे. इतर वेळी सतत बोलणाऱ्या सासूबाई त्याच्या प्रसंगांत मात्र गप्प होत्या आणि नंतर म्हणाल्या, “वाईट नव्हता तो, घरची काळजी लई होती त्याला.” मोठमोठ्या लढायांपेक्षा हे पात्र आणि पोहता येत नसताना मित्राच्या होडीमागे पाण्यात शिरणारा सॅम, या दोघांसाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

कथा इथे पूर्ण होत नाही, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे ते सांगितले नव्हते. त्यामुळे शेवटची नामावली सुरू होताच अंगठी अजून तशीच आहे हे लक्षात येऊन पुतण्यावर सर्व बाजूंनी प्रश्न आले. दुसरा भाग २००२ चा आणि तिसरा २००३ चा आहे, आणि तिसरा तर २०१ मिनिटांचा आहे. सासूबाईंनी दोन्ही पाहायचे ठरवले आहे, पण दुपारी जेवण झाल्यावर लगेच सुरू करायचे आणि पुतण्याने मध्ये चित्र थांबवायचे नाही, या त्यांच्या दोन अटी आहेत. त्यांतली दुसरी मी मान्य केलेली नाही.