पहिल्याच दिवशी डोंगरावर मुक्काम: म्हैसमाळ, गौताळा की माहूर?

मामेभावाचा फोन दर पावसाळ्यात येतो. "दादा, लेणी झाली आता बघून. यंदा डोंगरात, झाडीत दोन रात्री राहायचंय. म्हैसमाळ, गौताळा की माहूर?" मराठवाड्यातली ही तिन्ही ठिकाणं माझ्या पायाखालची आहेत, तिन्हींवर माझा जीव आहे. तरी मी आधी ठिकाणाबद्दल बोलत नाही. गाडी किती वाजता उतरवणार आणि सोबत कोण आहे, एवढंच विचारतो. डोंगरातल्या मुक्कामाचा पहिला दिवस किलोमीटरवर ठरत नाही, शेवटचा टप्पा उजेडात पार होतो की नाही यावर ठरतो. आपल्याकडे जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास. एवढ्या फरकानंही बेत पार बदलतो.

दुपारी तीन-चारला छत्रपती संभाजीनगरला पोचणार असाल आणि सोबत आईवडील असतील, तर म्हैसमाळ. अंतर चाळीसेक किलोमीटर, वाट सगळी डांबरी. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला आहे, त्यामुळे स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये. माळीवाड्याला खाली उतरलं की दौलताबाद जवळच. पुढे किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो आणि तिथे सुटीच्या दिवशी वाहनांची कोंडी होते. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते, तीही धरून चाला. खुलताबादपासून बारा किलोमीटर वर म्हैसमाळ. शेवटी घाट आहे, वळणं आहेत, पावसाळ्यात ढग काचेला टेकतात, पण दिवे लावून सावकाश चालवलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वरचं हे पठार. गिरिजामातेचं देऊळ इथेच आणि गिरिजा नदीचा उगमही इथलाच. रविवारी दुपारी माणसांनी आणि भाजलेल्या कणसांच्या धुरानं डोंगर भरलेला असतो, म्हणून पुष्कळजण नाक मुरडतात. पण ती सगळी माणसं संध्याकाळी घरी जातात. मुक्कामाला थांबणाऱ्यालाच खरं म्हैसमाळ दिसतं. कड्याशी उभं राहिलं की खाली एकेक गाव दिव्यांनी उजळत जातं आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. उणं म्हणाल तर दाट जंगल इथे नाही आणि राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत. खोली ठरवल्याशिवाय वर जाऊ नका.

गौताळ्याचं सगळंच वेगळं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. मोठा भाग आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, उरलेला जळगावच्या. संभाजीनगरहून कन्नडपर्यंत साठेक किलोमीटर, हमरस्ता. त्यानंतर खरी वाट सुरू होते: पानझडी जंगल, दऱ्या, ओढ्यांवरचे फरशी पूल. २०२१ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ चालत चालत इथवर आला. टिपेश्वर म्हणजे पार यवतमाळ जिल्ह्यात. त्याला हे रान राहण्याजोगं वाटलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मुंबईच्या मंडळींना एक वाट सुचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. गौताळ्याला जायला संभाजीनगरला उतरलंच पाहिजे असं नाही. मुख्य लोहमार्गावर चाळीसगावला उतरा. तिथून कन्नड तीसेक किलोमीटर, मधे कन्नडचा घाट. खानदेशाच्या सपाटीवरून गाडी चढायला लागते आणि एकेका वळणाला मागचा मुलूख खाली खाली जातो. मराठवाड्यात शिरण्याची याहून देखणी वाट मला माहीत नाही. पण हाच घाट ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून बंद पडला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं इथे अवजड वाहनांना बंदी घातली, त्यामुळे लहान गाड्यांची वाट सुकर झाली. तरी सलग दोन दिवस झड लागलेली असेल तर निघण्याआधी घाट चालू आहे ना, हे विचारून घ्यावं.

गौताळ्याच्या वाटेवर पोचण्याचा दिवस कसा चुकतो, ते मी अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात आत्या, तिचे यजमान आणि दोन लेकरं घेऊन मी कन्नडहून साडेपाचला पुढे निघालो. खोली एका आडबाजूच्या शेतघरात ठरवली होती. तिथल्या माणसानं फोनवर "रस्ता पक्का आहे" सांगितलं होतं. पक्का रस्ता शेवटच्या तीन किलोमीटरच्या आधीच संपला. पुढे गाडीवाट, दोन्ही बाजूंना मका आणि आल्याची शेतं, आणि खाली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते, मग चाक नुसतं गरगर फिरतं. जितका जोर लावावा तितकी गाडी खोल रुतते. आम्ही चाकाखाली तुराट्या घातल्या, दगड घातले, काही उपयोग झाला नाही. सात वाजले. लेकरं रडवेली झाली.

शेवटी एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, साखळदंड लावून गाडी मागे ओढली. पुढे जायचं म्हटल्यावर मात्र त्यांनी हात आडवा केला. "पाव्हणं, पुढं वढा हाय. लेकरंबाळं घेऊन अंधारात जाऊ नका. कन्नडला मुक्काम करा, सकाळच्याला या, मी नेतो." आम्ही ऐकलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांच्याच ट्रॉलीत बसून वर गेलो. ओढ्याचं पाणी अजूनही पोटरीला लागत होतं. रात्री ते किती असेल, या विचारानं आत्यानं माझा हात घट्ट धरला होता. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो, गौताळ्याला जायचं तर कन्नड दुपारी दोनच्या आत सोडा. ते जमणारं नसेल तर पहिली रात्र कन्नडला किंवा वेरूळला काढा. वनखात्याच्या विश्रामगृहात राहणार असाल तर आरक्षण आणि नाक्यावरून आत सोडण्याची वेळ, दोन्ही आधी पक्की करून घ्या. सकाळी लवकर पोचलात तर वाटेवर पितळखोऱ्याची लेणी बघून होतात. ख्रिस्तपूर्व काळातली ही लेणी दरीच्या पोटात आहेत, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि पावसाळ्यात शेजारून धबधबा कोसळत असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र वरूनच बघावं.

देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री निघते आणि पहाटे संभाजीनगरला उतरवते. संभाजीनगरवरून गौताळ्याला जाणार असाल तर याहून सोयीचं काही नाही. सगळा दिवस हाताशी राहतो.

माहूरला त्याच गाडीनं तसंच पुढे नांदेडपर्यंत जावं लागतं. तिथे सकाळ होते. स्टेशनबाहेर मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घ्या आणि लगेच निघा, कारण पुढे रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे आणि किनवटवरून गेलात तर बरंच जास्त. तरीही वेळ असेल तर मी किनवटचीच वाट घ्यायला सांगेन. सागाचं रान, मधे मधे बंजारा तांडे, आणि थोडी वाकडी वाट केली की इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. तिन्हींत दाट जंगल इथलंच. पोचण्याचा अख्खा दिवस प्रवासात जातो, पण तो वाया गेल्यासारखा वाटत नाही. गडावर रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर आणि अनसूया. आईच्या मंदिरात खलबत्त्यात कुटलेला विड्याचा तांबूल प्रसाद मिळतो, तो तोंडात विरघळला की दिवसभराचा शीण उतरतो. भक्तनिवास आहेत, गावात लॉज आहेत, त्यामुळे मुक्कामाची चिंता कमी. फक्त नवरात्रात आणि दत्तजयंतीला शांततेसाठी इथे येऊ नका. नवरात्रात खासगी गाड्या खालीच थांबवतात, गडावर एसटीनं जावं लागतं.

दोनच रात्री हातात असतील तर मुंबईहून माहूर मी सुचवणार नाही, येणंजाणंच दोन दिवस खातं. तीन रात्री असतील आणि घरातलं कुणी देवीला मानणारं असेल, तर दुसरं काही बघूही नका. एप्रिल-मेमध्ये मात्र तिन्ही डोंगर करपलेले असतात, तेव्हा या तुलनेला अर्थ नाही. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत या.

भावाला यंदा मी गौताळा सांगितलं आहे, वाट चाळीसगावची. खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं, तेही लिहून दिलं आहे. "रस्ता चांगला आहे का" असं विचारू नकोस, उत्तर "हो" असंच येतं. डांबर कुठे संपतं, तिथून घर किती लांब, मधे ओढा आहे का, त्यावर पूल आहे की फरशी, काल पाऊस झाला का, तिथे मोबाइलला रेंज येते का आणि जवळ ट्रॅक्टर कुणाकडे आहे, हे विचार. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर निघायच्या आधीच घेऊन ठेव.