टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२२एन (व्हर्जन १) यूएसबी वायफाय अडॅप्टर: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय तर हाच शोधा

आमच्या देवगडच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, बाबांचा आंब्याचा सगळा हिशोब त्याच्यावर, कुठल्या बागेतून किती पेट्या निघाल्या, वाशीला किती गेल्या, कोणाकडून किती यायचेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्या मशीनवर बसत नाही म्हणून मी सरळ लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी फुकट, हलकी सिस्टिम) टाकलं. लॅपटॉप एकदम हलका झाला, बाबांच्या एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडल्या, प्रिंटरपण चालला. राहिलं फक्त वायफाय. आतलं कार्ड पावसाळ्यातच गेलेलं, झाकण खोलून बघितलं तर पिनांवर हिरवा थर, एलएसपीसीआय (आतल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर यादीत त्याचं नावपण नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे नवीन नाही, खारी हवा काही सोडत नाही.

मग यूएसबीवाला अडॅप्टर घ्यायचं ठरवलं आणि इथेच बरेच जण फसतात, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात स्पीड असतो, कंपनी असते, पण आत चिप कुठली ते नसतं, आणि लिनक्सला मतलब फक्त चिपशी. या ७२२एन च्या व्हर्जन १ मध्ये अॅथेरॉसची एआर९२७१ चिप आहे. तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) एथ९के एचटीसी २०१० पासून, म्हणजे कर्नल २.६.३५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि चिपला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चढणारं सॉफ्टवेअर) सुद्धा ओपन सोर्स आहे, डेबियन या लिनक्सच्या मेन म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागात मिळतं. असं भाग्य फार थोड्या वायफाय चिपांचं.

नवीन व्हर्जन १ आता दुकानात मिळणं विसरा. मला कणकवलीत एका जुन्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात मिळाला, काकांकडे डबाभर जुने अडॅप्टर, केबल, चार्जर पडलेले असतात. मी म्हटलं काका, लावून बघू का, तर म्हणाले बघ की, त्यात काय. लॅपटॉप सोबत नेलाच होता. पांढरा अडॅप्टर, वर गोल फिरणारा अँटेना, मागच्या लेबलवर व्हर्जन १ लिहिलेलं. लावला, एलएसयूएसबीमध्ये (यूएसबीला काय लावलंय ते दाखवणारी कमांड) ०सीएफ३:९२७१ हा या चिपचा नंबर दिसला तेव्हाच समजलं की काम झालं, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, फर्मवेअर चढल्याची ओळ आली आणि खाली वायफायच्या आयकॉनमध्ये आजूबाजूच्या सगळ्या दुकानांची नेटवर्क हजर! ना सीडी, ना डाउनलोड, ना टर्मिनलात काही कंपाइल करणं. ३०० रुपये दिले आणि घेऊन आलो.

घरी खरी परीक्षा होती. राउटर पडवीत, बाबा बसतात माजघरात, मध्ये चिऱ्याच्या दोन जाडजूड भिंती, मोबाईलला तिथे जेमतेम एक कांडी येते. अडॅप्टर थेट लॅपटॉपला लावला तर सिग्नल बरा होता, पण यूएसबीची साधी एक्स्टेन्शन केबल लावून तो दाराच्या चौकटीवर ठेवला आणि अँटेना उभा केला तर सिग्नल एकदम वर गेला. बाबा आतूनच विचारतायत, "नेट इला काय रे?" आणि तोवर त्यांचं मेल उघडलंसुद्धा. ही केबलची युक्ती जरूर करा, अडॅप्टर हलवता येतो हाच याचा मोठा फायदा. अँटेना स्क्रूचा आहे, काढून मोठा लावता येतो, मला गरज पडली नाही.

आता मर्यादा. फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि कागदावर १५० एमबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळणार हे धरूनच चाला. हिशोब, मेल, व्हिडिओ कॉल, बँकेचं काम याला पुरून उरतं. आणि चिऱ्याच्या घरात २.४ च बरं, ५ वालं भिंतीतून तेवढं पार होत नाही.

ऑनलाइन जुना घेणार असाल तर हे नीट वाचा. नाव तेच ७२२एन पण व्हर्जन २ आणि ३ मध्ये चिप वेगळी आहे, रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. ती चालत नाही असं नाही, कर्नल ६.३ पासून आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ड्रायव्हर तिला सांभाळतो, मिंट २२ कर्नल ६.८ वर आलं म्हणजे तिथे ठीक, पण मिंट २१ मूळ ५.१५ वर आलं होतं, म्हणजे ६.३ च्या आधीच्या. म्हणून विकणाऱ्याकडून मागच्या लेबलचा फोटो मागाच, समोरच्या बाजूच्या फोटोवरून काही कळत नाही. काली (सुरक्षा तपासणीचं लिनक्स) वापरणारी पोरं मॉनिटर मोडसाठी, म्हणजे आजूबाजूचं वायफाय नुसतं ऐकण्यासाठी, व्हर्जन १ च शोधत असतात त्यामुळे काही जण त्याला वाट्टेल ती किंमत लावतात, तेवढी देऊ नका. आणि दुकानात जाताना लॅपटॉप नेता येत नसेल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच मिंट चालू होतं) खिशात ठेवा, दुकानदाराच्या मशीनवर लावून दोन मिनिटांत कळतं.

ज्यांचं आतलं कार्ड धड आहे आणि ते ब्रॉडकॉमचं जुनं आहे त्यांनी लगेच खर्च करू नका. त्याचा बी४३ ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो पण फर्मवेअर लायसन्समुळे वाटता येत नाही, ते इन्स्टॉलर पॅकेज नेटवरून उतरवून घेतं, म्हणजे नेटसाठीच नेट पाहिजे, आधी कोंबडी की आधी अंडं. त्याला उपाय मोबाईल. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा, लिनक्स त्याला बहुतेक वेळा लगेच ओळखतं, मग पॅकेज टाका.

माझ्याकडून व्हर्जन १ ला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ५ गिगाहर्ट्झ नाही म्हणून. ज्यांना तेच पाहिजे त्यांनी मीडियाटेक एमटी७६१२यू चिपवाला अडॅप्टर बघावा, त्याचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आतच आहे. आणि कुठलाही घ्या, पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा काढून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.