जुनी गाडी: सगळी खोलायची, की चालवत चालवत सुधारायची?

जुनी गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी हात शिवशिवायला लागतात. बंपर निघतो, ग्रिल निघते, मग सीट, मग दारांची आतली पॅनेलं. संध्याकाळपर्यंत गाडीचा सांगाडा दिसू लागतो आणि आज केवढं काम उरकलं असं वाटतं. खरं तर त्या दिवशी आपण एक मोठा निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि तोही न ठरवता.

घरच्या घरी गाडी नव्यानं उभी करायच्या वाटा दोन. पहिली म्हणजे शेवटच्या बोल्टपर्यंत सगळं खोलायचं, बॉडी उघडी करायची, एकेक भाग साफ करून, दुरुस्त करून परत जोडायचा. दुसरी म्हणजे गाडी चालती ठेवायची आणि एका वेळी एकच काम हातात घ्यायचं. आधी ब्रेक, ते झाले की रेडिएटर, मग पुढचं सस्पेन्शन. मी दोन्ही केलंय. पहिल्या गाडीचे सुटे भाग सहा वर्षं पलंगाखाली आणि माळ्यावर पडून होते. दुसरी गाडी सलग पंधरा दिवससुद्धा बंद राहिली नाही. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. पण काही गाड्यांच्या बाबतीत निवडीला जागाच नसते, म्हणून आधी ते कसं ओळखायचं ते बघू.

निर्णय पत्रा घेतो

इंजिन बंद पडलंय म्हणून गाडी पूर्ण खोलावी लागते, हा सर्रास दिसणारा गैरसमज आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, स्टिअरिंग यातलं काहीही बॉडीला हात न लावता उतरवून परत चढवता येतं. गाडी खोलायला भाग पाडतो तो गंज, आणि तोसुद्धा सगळा नाही. बोल्टवर बसवलेलं फेंडर, डिकीचं झाकण, दाराची खालची कड इथला गंज डोळ्यांना खुपतो, पण तो भाग काढून दुसरा लावता येतो. घात करतो तो सिलमधला (सिल म्हणजे दारांखालून पुढून मागे जाणारा पत्र्याचा पोकळ भाग), सिल आणि फ्लोअरच्या जोडावरचा, जॅक लावायच्या जागेचा, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय तिथला आणि दाराच्या बिजागरीच्या खांबाच्या तळाचा गंज.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, अशी रचना लान्चियाच्या लाम्ब्दा गाडीत 1922 मध्ये आली, 1934 च्या सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँनं ती मोठ्या उत्पादनात आणली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक छोट्या मोटारी तशाच बनू लागल्या. 1959 ची मिनी आणि 1962 ची एमजीबी याच जातीच्या. अशा गाडीत सिल हा कणा असतो. उघड्या टपाच्या एमजीबीत तर जास्तच, कारण वरून धरायला छतही नाही. कुजलेला सिल आधार न देता कापला की बॉडी मधोमध वाकते. नवा सिल वेल्ड करून झाल्यावर दार लावायला जावं तर ते बसतच नाही, आणि तोवर वेळ गेलेली असते. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करतात आणि दोन्ही बाजूंचे सिल एकदम कधीच कापत नाहीत.

1948 साली लोकांसमोर आलेल्या लँड रोव्हर आणि सिट्रोएन टू-सीव्ही या दोन्ही गाड्यांना मात्र वेगळी चासी आहे. बॉडीचे बोल्ट सोडले की ती उचलून बाजूला ठेवता येते, त्यामुळे घरी पूर्ण खोलायचीच असेल तर अशी गाडी बरी. फोक्सवॅगन बीटल या दोन रचनांच्या मधली. तिची बॉडी फ्लोअरवर बोल्टनं बसते, पण दारांखालून जाणारे गरम हवेचे बोगदे बॉडीच्या मजबुतीचा भाग असतात आणि तेच आधी कुजतात. वरून चकचकीत बीटल दिसली तरी आधी तिथे वाका.

तपासणीला लागतो एक चुंबक, एक जुना स्क्रूड्रायव्हर, एक टॉर्च आणि मळवायला कपडे. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जाड पुट्टीवर तो धरत नाही. (लँड रोव्हरवर हा प्रयोग करून घाबरू नका. तिचे बाहेरचे बरेच पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत.) फ्लोअरवरचं कार्पेट उचला. खालून ताजं काळं अंडरकोटिंग जाड थापलेलं दिसलं तर विकणाऱ्यानं काय झाकलंय असा प्रश्न पडायला हवा. संशयाच्या जागी स्क्रूड्रायव्हरनं दाबून बघा. धड पत्रा ठणठणीत आवाज देतो, कुजलेला चुरतो. शेवटची परीक्षा मला सगळ्यात जास्त पटते. सपाट जमिनीवर दार उघडून लावून बघा, मग गाडीची एक बाजू जॅकवर घ्या आणि तेच दार पुन्हा उघडून लावा. आता ते अडकत असेल तर कणा मऊ पडलाय. जॅक लावतानाच पत्रा आत गेला, तर उत्तर त्याहून आधी मिळालं.

या परीक्षेत नापास झालेली गाडी चालवत चालवत सुधारता येत नाही. ती एकतर पूर्ण खोला, नाहीतर घेऊच नका. पास झालेली गाडी खोलायचं मात्र सहसा काही कारण नसतं. आपली हौस सोडून.

वेळ, जागा आणि उमेद

पूर्ण खोलून करायच्या कामाला हजार तास धरणं काही फार नाही. आठवड्याला आठ तास, म्हणजे सुट्टीचा एक अख्खा दिवस, एकदाही न चुकता दिला तर 125 आठवडे होतात. जवळपास अडीच वर्षं. आजारपण, लग्नकार्य, परीक्षा, न मिळणारा एखादा पार्ट हे सगळं त्यावर. चालत्या गाडीलाही एकूण तास कमी लागत नाहीत. किंबहुना जास्तच लागतील. फरक इतकाच की तिथे प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी घेऊन एक चक्कर मारता येते. हौशी माणसाचं इंधन तेच. ब्रेक नीट केले, चक्कर मारली, पेडल घट्ट लागलं, की पुढच्या रविवारी उठायला कारण मिळतं. खोललेली गाडी दोन वर्षं काहीच परत देत नाही, आणि बहुतेक घरगुती प्रकल्प याच काळात थंडावतात. विकायला निघालेल्या ‘नव्वद टक्के काम झालेल्या’ गाड्या बघा. सगळे पार्ट खोक्यांत, आणि उरलेल्या दहा टक्क्यांतच खरं काम.

जागेचं गणित तितकंच रोखठोक आहे. उभी गाडी एका गाडीची जागा खाते. खोलली की बॉडी, दारं, इंजिन, सीट, काचा मिळून दोन-तीन गाड्यांची. काचा उभ्या ठेवाव्या लागतात, सीट कोरड्यात, आणि उघडा केलेला पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर या एका मुद्द्यावर विषय संपतो.

विसरणं हा आणखी एक खर्च. खोलताना वाटतं, हा ब्रॅकेट कुठला ते काय लक्षात राहणार नाही? दोन वर्षांनी तो हातात धरून मी अर्धा तास उभा होतो. प्रत्येक भाग काढायच्या आधी आणि नंतर फोटो काढा. बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा. जमेल तिथे बोल्ट काढल्या जागी परत हलकेच फिरवून ठेवणं सगळ्यात उत्तम. चालत्या गाडीत एका वेळी एकच कोपरा उघडा असतो, आणि दुसऱ्या बाजूचं चाक नमुन्याला समोर असतं.

चालती ठेवायची तर क्रम पाळावा लागतो

या वाटेचा धोका वेगळा आहे. गाडी सुरू होते म्हणून आपण तिला रस्त्यावर नेतो. क्रम चुकला तर अंगाशी येतं.

ब्रेक पहिले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल ताजं असताना 230 अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये असं मानक सांगतं, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की ती किमान मर्यादा 155 वर येते. उतारावर ब्रेक तापले, आत वाफ झाली की पेडल थेट तळाला. तेच पाणी व्हील सिलेंडरला आतून गंजवतं. रबरी होस बाहेरून धड दिसतात पण आतून फुगतात. मग ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. होस, सिलेंडरची रबरं आणि ऑइल एकाच वेळी बदला. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रमची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं कधी उडवू नका. ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

मग टायर. रेषा खोल दिसल्या म्हणून टायर चांगला ठरत नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाआधीचा आहे. तो आजच काढा.

तिसरं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनी रबरी नळी आतून कुजवतं, आणि गळती नेमकी गरम इंजिनवर होते. नळ्या आधी बदला. शिशाविना पेट्रोलची भीती मात्र जरा जास्तच पसरलेली आहे. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं आणि झीज रोखायचं, हे खरं. शिसंयुक्त पेट्रोल जगभरातून 2021 मध्ये संपलं, हेही खरं. पण त्यासाठी चालतं इंजिन खोलायची घाई नको. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे त्याच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, मधूनमधून मोजत राहा. ते भराभर कमी होऊ लागलं तर बैठक झिजतेय असं समजा, आणि हेड उतरेल तेव्हा कठीण बैठका बसवून घ्या.

इंजिन खोलायचं की नाही, तेही अंदाजानं ठरवू नये. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा. सिलेंडरांमधला फरक साधारण 10 टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाला त्याच्या जागी सुखानं राहू द्या. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. पाच मिनिटांची ही परीक्षा न करता इंजिन उतरवणारे मला भेटलेत. त्यातला एक मीच.

वायरिंगबद्दल एवढंच सांगतो की बॅटरी जोडण्याआधी बघून घ्या. 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आणि काही जुन्या गाड्या 6 व्होल्टच्या आहेत.

खोलण्याच्या बाजूनं

एवढं वाचून पूर्ण खोलणं म्हणजे मूर्खपणा असं वाटलं तर माझी मांडणी चुकली. काही गोष्टी त्याशिवाय मनासारख्या होत नाहीत. पोकळ भागांच्या आत गंजरोधक मेण नीट पोचवणं, सगळी वायरिंग बदलणं, इंजिन-बेसह (इंजिन बसतं त्या कप्प्यासह) एकसंध रंग देणं ही कामं बॉडी रिकामी असतानाच चोख होतात. चालत्या गाडीत एकच काम दोनदा करावं लागतं. क्लचसाठी इंजिन उतरवलं, आणि दोन वर्षांनी इंजिन-बे रंगवायला पुन्हा तेच. शिकायलाही खोललेली गाडीच जास्त देते, यात शंका नाही.

खोलून केलं तरी रंग मात्र घरी मारू नका. हार्डनर घालून फवारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं. त्यानं कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. प्रायमरपर्यंतची घासाघाशी घरी, फवारणी रंगाच्या बूथमध्ये. पेट्रोलची टाकी स्वतः वेल्ड करायच्या फंदातही पडू नका. वर्षानुवर्षं रिकामी असली तरी आतल्या वाफेचा स्फोट होतो.

गंजलेले ब्रॅकेट आणि बोल्ट साफ करायला एक घरगुती पद्धत आहे, दोन्ही वाटांना उपयोगी. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. रात्रभरात गंज सुटतो, धड लोखंडाला धक्का लागत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा. आणि स्प्रिंग यात घालू नका, त्या ठिसूळ होतात.

तिसरी वाटही आहे, आणि ती निवडणाऱ्याला लोक उगाच आळशी समजतात. मूळ रंग, मूळ सीट, मूळ ओरखडे टिकून असतील तर ते पुसायचेच नाहीत, फक्त झीज थांबवायची. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फीवा 1966 पासून आहे. तिची ट्युरिन सनद जतनाला डागडुजीच्या आधीचं स्थान देते. गाडी पुन्हा कितीही वेळा रंगवता येईल, कारखान्यातला रंग परत आणता येणार नाही.

तेव्हा हिशेब असा. सिल धड आहेत, बंद जागा एकाच गाडीची आहे, ही पहिलीच गाडी आहे: चालती ठेवा. कणा कुजलाय, पण गाडी तुम्हाला तीच हवी आहे, कोरडी आणि ऐसपैस जागा आहे, वेल्डिंग येतं किंवा शिकायची तयारी आहे: खोला. मात्र खोलायच्या आधी तिच्यासाठी पत्रे मिळतात का ते बघा. एमजीबीसारख्या काही गाड्यांची अख्खी बॉडी नव्यानं बनवून मिळते. काहींचा साधा सिलही मिळत नाही, तो पत्रा वाकवून घडवावा लागतो. कणा कुजलाय आणि वेल्डिंगही येत नाही, तर ती गाडी दुसऱ्याला घेऊ द्या.

आणि गाडी आधीच घेऊन झाली असेल, पाना हातात असेल, तर निदान या रविवारी बंपर राहू द्या. जॅकवर घ्या, खाली भक्कम स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही), आणि टॉर्च घेऊन सिल बघा.