हेडफोन बंद पडला आणि कळलं मालिकांमध्ये नीट बोलतं कोण

गुढीपाडव्याला आईसाठी टीव्हीचा वायरलेस हेडफोन घेतला होता, २,८०० रुपयांचा. आई ७६ वर्षांची. कानाचं मशीन आहे, पण टीव्हीसमोर ते काही कामाचं नाही, कारण ते माणसाचं बोलणं आणि मागचं ढॅण ढॅण दोन्ही सारखंच मोठं करून कानात ओततं. सात महिने मस्त गेले आणि दिवाळी झाल्यावर आधी उजवीकडचा आवाज गेला, मग चार दिवसांत दोन्हीकडचा. दुकानदार म्हणाला सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागेल, तिथून निरोप आला की बॅटरी वॉरंटीत येत नाही, ६५० रुपये भरा. वर्षाची वॉरंटी आणि सात महिन्यांतच ६५० रुपये! मी तीनदा जाऊन भांडले, त्यात २१ दिवस गेले. पण लिहायला बसले ते या २१ दिवसांमुळे, कारण तेवढे दिवस आई नुसत्या कानांनी मालिका बघत होती आणि मी शेजारी बसून बघत होते की तिला कोणाचं कळतं आणि कोणाचं नाही.

आधी एक गोष्ट सांगते, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना पटेल. आवाज वाढवून काही होत नाही. आई म्हणते, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." वयाने कान जातात तेव्हा आधी बारीक आवाज जातात, स, फ, थ, ख असले, त्यामुळे बोलणं चाललंय हे कळतं पण काय बोलले ते कळत नाही. त्यात हल्लीचे टीव्ही एवढे पातळ की स्पीकर मागे नाहीतर खाली, म्हणजे आवाज भिंतीला आधी, आपल्याला नंतर. आणि या सगळ्यावर ते म्युझिक! भांडणात ठीक आहे, पण सून चहा घेऊन आली तरी व्हायोलिन, फोन वाजला तरी ढोल, आणि नेमकं ज्या वाक्यावर सगळा भाग उभा असतो त्याच वाक्याखाली सगळ्यात मोठं. सगळ्याच चॅनेलवर हे आहे, एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सातनंतर टीव्हीसमोर बसणाऱ्यांत आईच्या वयाची माणसं किती असतील, त्यांचा विचार करून एकदा तरी कोणी ऐकून बघत असेल का? मला याचा खरंच राग येतो.

आता कलाकार. 'ठरलं तर मग' आमच्याकडे २०२२ च्या डिसेंबरपासून म्हणजे पहिल्या भागापासून चालू आहे. जुई गडकरीची सायली आईला निम्मी ऐकू येते, हळवे सीन असले की आवाज खाली जातो आणि म्युझिक वर येतं, त्यात तिची चूक नाही. अमित भानुशालीचा वकील अर्जुन घरात बोलतो ते कळत नाही पण कोर्टात उभा राहिला की बरंच कळतं, मधुभाऊंच्या खटल्याचे भाग आईने हेडफोन असताना पण काढून ऐकले होते ते मला आत्ता आठवतंय.

याच मालिकेतल्या पूर्णा आजीचं मात्र वेगळंच. ते काम करणाऱ्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ ला गेल्या तेव्हा आई दोन दिवस नीट जेवली नाही, घरातलं माणूस गेल्यासारखं. त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत यायचं, वाक्याचा शेवट त्यांनी कधी गिळला नाही. नंतर त्या जागी रोहिणी हट्टंगडी येणार कळलं तेव्हा मी सरळ म्हणाले होते की हे जमणार नाही, चटका ताजा आहे. मागचा अनुभव पण तसाच होता, २०२५ च्या जानेवारीत 'प्रेमाची गोष्ट' मधून तेजश्री प्रधान गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली, तिचं काम वाईट होतं असं अजिबात नाही, पण आईने महिन्याभरात ती मालिका सोडली.

तर इथे मी चुकले. हेडफोन बंद असताना रोहिणीताईंचा पहिलाच सीन लागला आणि आई एकदम म्हणाली, "हिचं सगळं ऐकू येतंय मला." सगळं! आवाज १८ वर होता, एरवी ३५ लागतो. 'चार दिवस सासूचे' मध्ये वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज, ओळखीचा असल्याचा फायदा असेलच, पण मी डोळे मिटून ऐकून बघितलं, त्या शब्द सोडून देत नाहीत, पोचवतात. नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेलं माणूस असंच बोलतं. 'लक्ष्मी निवास' मध्ये तुषार दळवी आणि हर्षदा खानविलकर दोघंही कळतात, तुषार दळवींचा श्रीनिवास दमलेल्या आवाजात बोलतो तरी कळतो, हे फार अवघड आहे.

आणि हे लिहितानाच माझं मत थोडं बदलतंय, कारण त्याच मालिकेतला जयंत. मेघन जाधव मुद्दाम हळू, गोड बोलतो, आईला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो बायकोकडे, जान्हवीकडे, नुसतं बघायला लागला की आई पदर घट्ट धरायची. म्हणजे ऐकू येणं हेच सगळं नाही, डोळ्यांनी पण माणूस बोलतो, हे त्याने दाखवलं. त्याला मी पूर्ण मार्क देते.

'वीण दोघातली ही तुटेना' ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बघतोय, सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान दोघांचे उच्चार स्वच्छ, दोघंच असतील तर आईला हेडफोनची गरज नाही, घर भरलं की लागतो. 'हास्यजत्रा' सगळ्यात सोपी, समीर चौघुले, नम्रता संभेराव बोलत असताना शब्दांच्या वाटेत काही येत नाही, म्युझिक वाजतं ते पंच झाल्यावर.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी असेल तर स्टिरिओ करून बघा आणि टीव्हीत आवाज स्पष्ट करायचा पर्याय असेल तर चालू करा, आमच्याकडे ३५ चा २८ झाला. हेडफोन ६५० भरून मंगळवारी परत आला. आई लावते, पण साडेआठच्या आसपास पूर्णा आजी दिसली की एका बाजूने कानावरून सरकवते.