वेळेवर भाडं भरूनही मी थकबाकीदार ठरले

वर्षभरात मी एकाही महिन्याचं भाडं चुकवलं नाही. दर महिन्याला पहिल्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम पाठवली. तरीही वर्षाच्या शेवटी हिशोब मांडला तेव्हा साधारण अकरा दिवसांचं भाडं जास्तीचं गेलेलं निघालं. शिवाय माझ्या नावापुढे ‘उशिरा भरणा’ असा शेरा तीनदा पडला होता. हे कसं झालं ते तपशिलात लिहिते आहे, कारण माझ्या मजल्यावरच्या आणखी दोन भाडेकरूंचं हेच झालं आणि आम्ही तिघंही बराच काळ आपलंच काही चुकलं असेल असं समजत होतो.

आधी मी भाडं थेट मालकीणबाईंच्या बँक खात्यात भरायची. मग घराची व्यवस्था बघणाऱ्या एजन्सीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून भाडं फक्त अ‍ॅपवरूनच स्वीकारलं जाईल, अ‍ॅप वापरणं अनिवार्य आहे, वगैरे. मी अ‍ॅप घेतलं, लांबलचक अटींखालचं ‘मान्य आहे’ दाबलं आणि विषय संपला असं धरून चालले. त्या अटी मी वाचल्या नव्हत्या. वाचल्या असत्या तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

अ‍ॅपमध्ये दोन पर्याय होते. कार्डने भरलं तर २.५ टक्के ‘सुविधा शुल्क’. बँक खात्यातून भरलं तर शुल्क शून्य. साहजिकच मी दुसरा पर्याय निवडला. तीस तारखेला पैसे पाठवले, माझ्या खात्यातून त्याच दिवशी कापले गेले. पण अ‍ॅपच्या हिशोबात ते जमा झाले तीन कामकाजी दिवसांनी, आणि अ‍ॅप जमा झाल्याची तारीख धरतं. भाडं उशिरा, म्हणून ५ टक्के दंड.

त्या दंडाचा मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी नेहमीसारखं पूर्ण भाडं भरलं. अटींमध्ये एक ओळ होती: येणारी रक्कम आधी शुल्क आणि दंडापोटी वळती केली जाईल, उरलेली भाड्यापोटी. म्हणजे माझ्या पैशातून आधी मागचा दंड गेला आणि भाडं तेवढंच कमी पडलं. भाडं अपुरं, म्हणून पुन्हा ५ टक्के. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तीन महिने पूर्ण भाडं भरून माझ्या नावावर भाड्याच्या १५ टक्के थकबाकी उभी राहिली, आणि मग ‘थकबाकीदार’ म्हणून नोटीस आली. ती हातात घेऊन मी किती वेळ बसून होते ते मला आजही आठवतं. आजवर कुणाचं देणं बुडवलेलं नाही, आणि दारात असा कागद.

मी एजन्सीत फोन केला. तिथल्या माणसाने अगदी समजावून सांगितलं, ‘मॅडम, कार्डने भरत जा. लगेच जमा होतं, दंडाचा प्रश्नच येणार नाही.’ मी थकबाकी फेडली आणि पुढचे नऊ महिने कार्डने भाडं भरलं. दर महिन्याला अडीच टक्के म्हणजे फारसं काही वाटत नाही. पण बारा महिने असेच भरले तर एका महिन्याच्या भाड्याच्या ३० टक्के होतात, म्हणजे पूर्ण नऊ दिवसांचं भाडं. माझे नऊ महिन्यांचे साडेबावीस टक्के आणि आधीचा पंधरा टक्के दंड धरून आकडा अकरा दिवसांवर गेला.

‘शून्य शुल्क’ लिहिलेला मार्ग इतका संथ ठेवायचा की माणूस दंडात अडकेल, मग त्याला पैसे मोजायला लावणाऱ्या मार्गावर आणायचं. फसवणूक नेमकी इथे आहे. कार्डच्या व्यवहारात बँका आणि कार्ड कंपन्या रकमेच्या टक्केवारीत पैसे घेतात, हे खरं. पण तो खर्च भाडेकरूच्या माथी का? भाडं हे माझं देणं आहे. ते चुकतं करण्याचा एक तरी मार्ग मला फुकट आणि वेळेवर मिळायलाच हवा.

उलगडा झाला तो करार नव्याने करताना. मालकीणबाई घर बघायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही माझ्या खात्यात पैसे भरणं बंद का केलंत? मला तर एजन्सीने सांगितलं, भाडेकरूंनाच अ‍ॅप हवंय.’ मी पत्र दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघी मूळ करार काढून बसलो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: भाडं मालकांच्या खात्यात जमा करावं. खाते क्रमांकासकट. हे कलम बदलल्याचा एकही कागद कुणाकडे नव्हता आणि एजन्सीने एकतर्फी पत्र पाठवून ते बदलता येत नव्हतं. सुविधा शुल्कातला वाटा एजन्सीला मिळतो, हे त्यांच्याच माणसाने नंतर मालकीणबाईंसमोर कबूल केलं.

तरी एजन्सी आधी बधली नाही. ‘तुम्ही अटी मान्य केल्यात. सेवा ऐच्छिक आहे असं अटींमध्ये लिहिलंय.’ तसं लिहिलेलं होतं खरंच. पण त्यांच्या पत्रात ‘अनिवार्य’ हा शब्द होता आणि सुदैवाने ते पत्र मी फेकलं नव्हतं. ऐच्छिक असेल तर अनिवार्य का लिहिलंत, एवढंच मी लेखी विचारलं, मालकीणबाईंनीही खाली सही केली. पंधरा दिवसांत नऊ महिन्यांचं शुल्क परत आलं.

अशी आकारणी सगळीकडे चालतेच, असं मला सांगण्यात आलं होतं. ते खरं नाही. इंग्लंडमध्ये भाडेकरू शुल्क कायदा १ जून २०१९ पासून लागू आहे. कायद्याने परवानगी दिलेल्या मोजक्या रकमा सोडल्या तर भाडेकरूकडून दुसरं काहीही घेता येत नाही. भाडं थकलं तरी १४ दिवस उलटेपर्यंत त्यावर आकार लावता येत नाही आणि त्यानंतरही फक्त व्याज, तेही बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा जास्तीत जास्त ३ टक्के अधिक. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ३० सप्टेंबर २०२४ पासून भाडेकरूला किमान एक विनाशुल्क मार्ग द्यावाच लागतो. कॅलिफोर्नियात रोख आणि इलेक्ट्रॉनिक सोडून आणखी एक तरी मार्ग मालकाने खुला ठेवायचा असतो. म्हणजे ज्यांनी या प्रश्नाकडे नीट बघितलं त्यांना तो सोडवता आला आहे. तुम्ही राहता तिथला नियम काय आहे, हे स्थानिक भाडेकरू संघटनेला किंवा वकिलाला जरूर विचारा.

आणि असं पत्र तुम्हाला आलं तर ‘मान्य आहे’ दाबण्याआधी करार काढा. भाडं कुठे आणि कसं भरायचं, हे कलम वाचा. विनाशुल्क मार्ग कोणता आणि पैसे कोणत्या तारखेला जमा धरले जातील, हे दोन्ही लेखी विचारा, फोनवर नको. अटींमध्ये ‘आधी शुल्क, मग भाडं’ अशी ओळ दिसली तर ती तुम्हाला मान्य नसल्याचं त्याच पत्रात कळवा. अ‍ॅपमध्ये विम्यासारख्या जादा सेवेच्या चौकटीत आधीच खूण केलेली असेल तर ती काढा. थेट खात्यात भरत असाल तर शेऱ्यात महिना लिहा आणि पावती जपा. रागाच्या भरात भाडं थांबवू मात्र नका. मला एकदा तसं वाटलं होतं. थांबवलं असतं तर थकबाकी खरी झाली असती आणि माझ्या बाजूने बोलायला काहीच उरलं नसतं.

दंडाचे १५ टक्के अजून परत आलेले नाहीत. ‘उशिरा भरणा’चे तीन शेरे काढून टाकल्याचं पत्र मात्र गेल्या आठवड्यात मिळालं. पुढचं घर बघताना ते जवळ ठेवणार आहे. शेजारच्या वहिनींचे पैसे अजून अडकलेत, कारण त्यांनी ते पहिलं पत्र ठेवलं नव्हतं. माझ्या पत्राची प्रत त्यांना दिली आहे.