‘तुमचा स्कोअर ३१’ म्हणत माझ्याकडून ११,९९९ रुपये घेतले

मेकॅनिकलची डिग्री हातात येऊन वर्ष होत आलं आणि नोकरीचा पत्ता नाही, अशा नागपूरच्या मुलामुलींनी हे जरूर वाचावं. मी नेमका त्याच अवस्थेत असताना फसलो.

सुरुवात रेझ्युमेच्या फुकट तपासणीने झाली. फोनवरची मॅडम फार आदराने बोलली. “सर, तुमचा रेझ्युमे एचआरपर्यंत पोचतच नाहीये, सॉफ्टवेअरच बाहेर टाकतंय.” तिने लिंक पाठवली, मी फाइल टाकली आणि स्क्रीनवर लाल गोल आला. शंभरपैकी ३१. आठ महिने कुठूनच उत्तर न आलेल्या माणसाला असा आकडा लगेच पटतो. नेमकं काय चुकतंय ते कुणीतरी सांगितलं, याचंच मला बरं वाटलं.

बर्डीवर त्यांचं ऑफिस होतं. आधी ‘सविस्तर रिपोर्ट’चे ४९९ घेतले. मग रेझ्युमे नव्याने लिहून देण्याचे ३,५००. मग बुटीबोरीच्या एका कारखान्यात ‘इंटरव्ह्यूचा स्लॉट’ पक्का करण्याचे ८,०००. हे आठ हजार आईने भिशीचे दिले. तिन्ही वेळा यूपीआय करताना समोर नाव यायचं ते कुणा भलत्याच माणसाचं. विचारलं तर “अकाउंटवाल्या सरांचं खातं आहे.” बिल मागितलं तर “मेलवर येईल.” ते कधीच आलं नाही. तिथेच उठून यायला हवं होतं.

आता त्या रेझ्युमेबद्दल. दोन रकाने, डावीकडे निळी पट्टी, फोटो, आणि प्रत्येक कौशल्यापुढे तारे. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला पाच, जीडी अँड टीला (ड्रॉइंगवर आकार-मापात किती फरक चालेल ते दाखवायच्या खुणा) पाच. एटीएस म्हणजे अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर. असे रकाने, तक्ते, चित्रं त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरना धड वाचता येत नाहीत, मजकूर एकमेकांत मिसळतो. ज्या सॉफ्टवेअरची भीती घालून पैसे घेतले, त्यालाच न वाचता येणारा कागद मला दिला होता. हे मला फार उशिरा कळलं.

आत काय लिहिलं होतं, ते याहून वाईट. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी संत्री आकाराप्रमाणे वेगळी करणारं यंत्र बनवलं होतं. “कॉलेज प्रोजेक्ट बालिश वाटतो सर,” म्हणत त्यांनी ते काढून टाकलं. त्या जागी आलं ‘सिक्स सिग्मा पद्धतीने उत्पादन खर्चात १८ टक्के बचत’, आणि बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधला सहा महिन्यांचा अनुभव. मी म्हटलं, तिथे मी कधी गेलोसुद्धा नाही. “सगळेच टाकतात, कोणी तपासत नाही.” मी गप्प बसलो. पैसे गेल्यापेक्षा मला ते गप्प बसणं जास्त लागतं.

बुटीबोरीला गेटवर तीस-चाळीस मुलं उभी होती. मी माझा स्लॉट सांगितला तर वॉचमन म्हणाला, “काहाचा स्लॉट भाऊ? पेपरात जाहिरात होती, ज्याले यायचं तो येते. लाइनीत लाग.”

आत एचआरच्या मॅडम होत्या आणि प्लांटचे एक साहेब. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “१८ टक्के कशाचे? मटेरियल, सायकल टाइम, की रिजेक्शन?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात मॅडमनी ढिगातून दुसरा एक कागद काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. तीच निळी पट्टी, तेच वाक्य, तेच १८ टक्के. फक्त नाव वेगळं.

साहेब रागावले नाहीत. “बेटा, यातलं तुझं स्वतःचं काय आहे?” एवढंच विचारलं.

मग मी संत्र्याच्या यंत्राचं सांगितलं. रोलरच्या शाफ्टला ६२०४ बेअरिंग होतं, म्हणजे आतला व्यास २० मिमी. पहिला शाफ्ट आम्ही लेथवर १९.९६ पर्यंत उतरवला. बेअरिंग हातानेच सरकून बसलं, आम्ही खूश. तासभर यंत्र चालवलं आणि आतली रिंग शाफ्टवरच फिरायला लागली. बेअरिंग काढून पाहिलं तर शाफ्टवर चकचकीत पट्टा उमटलेला. सरांनी डिझाइन डेटा बुक उघडून के६ फिट दाखवला, म्हणजे बेअरिंग घट्ट बसावं म्हणून शाफ्ट किंचित जाड ठेवायचं माप: २० मिमीला २०.००२ ते २०.०१५. दुसरा शाफ्ट मायक्रोमीटर लावत लावत ग्राइंडिंग करून घेतला आणि बेअरिंग प्रेसवर बसवलं. पुन्हा ते हललं नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “हे कुठे लिहिलंय?” त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. कुठेच नव्हतं. खोटा अनुभव लिहिलेल्या मुलाला पुढे पाठवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं.

घरी बाबा म्हणाले, “पैशाचं जाऊ दे. पण जिथं तू पाय नाही ठेवला, तिथलं काम केलं म्हून कायले लिहू देल्लं?”

त्या रात्री मी त्याच लिंकवर त्यांनीच बनवलेला रेझ्युमे टाकला. स्कोअर ३४. मग घरचं विजेचं बिल टाकलं. स्कोअर ३१. तुम्हाला असा फोन आला तर पैसे द्यायच्या आधी हे करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा परत फोन आला, दुसऱ्या कंपनीसाठी १५,००० ‘परत मिळणारं डिपॉझिट’ भरा म्हणून. तेव्हा कुठे मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि पोलिसांत तक्रार दिली. या नंबरवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी पहिल्या पेमेंटनंतर पाच आठवड्यांनी कळवलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. तुम्ही लाजेपोटी थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, कॉलची यादी, काहीच डिलीट करू नका.

आता माझा रेझ्युमे एका पानाचा आहे, एकच रकाना, साधी अक्षरं, पट्टी नाही, तारे नाहीत. सॉलिडवर्क्सच्या पुढे त्यात मी काय काढलं ते लिहिलंय: रोलर असेंब्ली आणि तिची ड्रॉइंग्ज. मोजमापाची साधनं लिहिली आहेत ती मी खरंच हाताळलेली, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज. चौघांच्या प्रोजेक्टमधलं माझं काम कोणतं, तेही वेगळं लिहिलंय. आणि सगळ्यात वर ही ओळ: ‘रोलर शाफ्टवर बेअरिंग सैल बसत होतं, कारण शोधून के६ फिटप्रमाणे शाफ्ट पुन्हा बनवला.’

गेल्या आठवड्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये याच ओळीवर वीस मिनिटं बोलणं झालं. त्यांचा निरोप अजून यायचा आहे.